मालिकांतील पात्रांचा मनस्ताप : एक ख्रिस्ती दृष्टी

नाट्याचा जीव संघर्षात असतो, आणि संघर्ष म्हटला की मनावरील ताण आलाच. तो ताण पात्र कसा पेलते, यावरून प्रेक्षक नकळत जगण्याचा एक धडा घेत असतो. नाट्याची आवड आमच्या सीमाभागाच्या मातीतच आहे. मराठी संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. परंतु नाटक वर्षातून चार-दोन वेळा पाहावयाचे. दूरचित्रवाणीवरील मालिका रोज रात्री घरात येते. निपाणीत दिवसभर विड्या वळून थकलेली स्त्री ती पाहते, बेळगावातील कारकुनाचे कुटुंबही पाहते, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गांतील मुली त्याच पात्रांविषयी बोलत असतात. म्हणून या पात्रांच्या मनस्तापाचा विचार शिक्षकांनी करणे अगत्याचे आहे.

मालिकांतील दुःखी पात्रे बहुधा दोन मार्गांनी जातात. एक वर्ग मुकाट्याने सोसणाऱ्यांचा. घरातील अपमान गिळावा, डोळे पुसावे, आणि पुन्हा स्वयंपाकघरात जावे; या मौनालाच थोरपणा म्हणून गौरविले जाते. दुसरा वर्ग कारस्थान करणाऱ्यांचा. मनातील जळफळाट दुसऱ्याच्या नाशात शांत करू पाहणारी ही पात्रे कथानक पुढे ढकलण्यास फार उपयोगी पडतात. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ पासून तीन हजारांहून अधिक भाग चालली; एवढा दीर्घ पल्ला गाठावयाचा तर मनस्ताप मिटून चालत नाही, तो धुमसत ठेवावा लागतो. याला अपवादही आहेत. १९९९ साली सुरू झालेल्या ‘आभाळमाया’तील सुधा जोशी पतीचे मन दुसरीकडे वळल्याचे दुःख भोगते, परंतु आपले अध्यापन व आपल्या मुली यांच्या आधाराने ती उभी राहते. प्रेक्षकांनी तिला आपली मानले, ते या स्वाभिमानामुळेच होय.

आता ख्रिस्ती धर्मग्रंथ याविषयी काय सांगतो ते पाहू. हा ग्रंथ आमच्या भागास परका नाही. लंडन मिशनरी सोसायटीने १८२० साली बेळगावात कार्य आरंभिले, आणि तिच्या लोकांनी १८३२ साली सुरू केलेली इंग्रजी शाळा पुढे बेनन स्मिथ हायस्कूल या नावाने प्रसिद्धीस आली. ख्रिस्ती धर्म म्हणजे निमूट सहनशीलता, असा सार्वत्रिक समज आहे; बायबल उघडले की तो टिकत नाही. स्तोत्रसंहितेतील सुमारे एक-तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. ईयोब देवाशी उघड वाद घालतो. एलिया संदेष्टा जिवाला कंटाळून झुडपाखाली पडतो, तेव्हा देवदूत त्यास उपदेश करीत नाही. भाकर आणि पाणी देतो व पुन्हा निजू देतो. थकल्या मनास प्रथम विश्रांती हवी, हे केवढे व्यवहारी शहाणपण! स्वतः येशू लाजाराच्या कबरेपाशी रडतो, आणि गेथशेमाने बागेत मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांनी आपल्यासोबत जागे राहावे म्हणून विनवितो. दुःख बोलावे, ते देवापुढे ठेवावे, ते सोबत्यांनी वाटून घ्यावे, आणि शेवटी वैर सोडावे, असा हा क्रम आहे. मौन आणि सूड यांहून हा तिसरा मार्ग होय.

या मार्गाचे अस्सल मराठी उदाहरण लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे आहे, आणि ते दूरचित्रवाणीवरही आलेले आहे. विजया मेहता यांनी ‘स्मृतिचित्रे’वर केलेल्या चित्रपटात सुहास जोशी यांनी लक्ष्मीबाईंची भूमिका केली. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि पत्नीच्या पायांखालची जमीन सरकली. लहान मुलाला घेऊन त्या काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. या काळातील आकांत त्या मागाहून सजवून सांगत नाहीत. त्या रडल्या, चिडल्या, आणि कविता करू लागल्या. मनास वाट मिळाली ती अशी. पतीकडे परतल्यावरही त्यांनी सोवळे सोडले नव्हते. जाती देवाने केल्या की माणसाने, या प्रश्नाचा स्वतःच्या मनाशी निवाडा करूनच त्यांनी ते सोडले, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा तापट स्वभाव, घरातील पैशाची ओढाताण, हे सारे त्या लिहितात. परंतु लिहिताना हसतात. क्षमा म्हणजे विसरणे नव्हे, तर विष काढून आठवणे, हे आम्हांस ‘स्मृतिचित्रे’ शिकवितात.

येथे दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. एक, क्षमेचा उपदेश करून कोणास छळ सोसावयास लावणे हे ख्रिस्ती दृष्टीचे विडंबन आहे. ज्या घरात मारहाण आहे, तेथे पहिले काम मदत मिळविण्याचे. दुसरी, देवाशी भांडण्याची ही रीत मराठी मनास नवी नाही. तुकोबांनी विठ्ठलाशी मांडलेला कलह कोणास ठाऊक नाही? तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे टिळक म्हणत असत. म्हणून हा विचार समजून घेण्यास कोणी धर्म बदलण्याचे कारण नाही.

शिक्षकांनी मालिकांना नुसती नाके मुरडून काही साधणार नाही. निबंधाच्या अथवा अवांतर वाचनाच्या तासाला एखादे पात्र घ्यावे आणि मुलांना तीन प्रश्न विचारावे : या पात्राने आपले दुःख कोणास सांगितले? ते हलके करण्यास कोण धावून आले? आणि शेवटी त्याच्या मनात काय उरले, वैर की मोकळेपणा? जोडीला ‘स्मृतिचित्रे’तील एखादे प्रकरण वाचून दाखवावे. जी मुलगी घरचे दुःख मनात दाबून वर्गात बसलेली असते, तिला या प्रश्नांतून एवढे जरी उमगले की सांगणे हा दुबळेपणा नव्हे, तरी तो तास सार्थकी लागला असे आम्ही समजू.