खाकी वेष्टनातला ‘दोस्त’

1990 साली तारापूर एमआयडीसीत नोकरीला लागलेला एखादा पोरगा बोईसरला राहायचा कुठे? बहुधा तिघाचौघांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत. त्याचं पत्र आधी घरमालकाच्या हाती पडायचं, मग खोलीतल्या ज्याला सुट्टी असेल त्याच्या, आणि शेवटी त्याच्या. घरी लग्नाची बोलणी सुरू. आपल्याला मुलींचं आकर्षण वाटत नाही हे त्याला ठाऊक, पण ते सांगायचं कुणाला? अशांसाठी त्याच वर्षी मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ निघालं.

ते काढलं अशोक राव कवी यांनी. पेशाने पत्रकार. 1986 मध्ये ‘सॅव्ही’ मासिकाला मुलाखत देऊन त्यांनी आपण समलिंगी असल्याचं स्वतःच्या नावानिशी सांगितलं होतं. त्यांच्या आई शोभा राव कवी मुलाच्या बाजूने उघडपणे उभ्या राहिल्या. त्या काळी भारतीय दंड संहितेचं कलम 377 लागू होतं आणि त्यात जन्मठेपेपर्यंतची तरतूद होती. कलमाखाली खटले फारसे चालत नसत, धमकावून पैसे उकळायला मात्र ते पुरेसं होतं. अशा वातावरणात या माणसांनी नियतकालिकाची रीतसर नोंदणी केली. मला यातलं हे पाऊल फार मोठं वाटतं. चोरून वाटलेलं पत्रक एका रात्रीत नाहीसं करता येतं. नोंदणी झालेल्या अंकाला मालक, मुद्रक, पत्ता असं सगळं छापावं लागतं, म्हणजे जबाबदारी अंगावर घ्यावी लागते.

असं काही काढणारे ते जगाच्या पाठीवरचे पहिले भारतीय नव्हेत. कॅलिफोर्नियात 1986 मध्येच दक्षिण आशियाई समलिंगींनी ‘त्रिकोण’ सुरू केलं होतं. पण तिथल्या वाचकाला सासर-माहेर, चाळ, सामायिक संडास यांच्यात दिवस काढायचे नव्हते. ‘बॉम्बे दोस्त’चा वाचक नेमका तिथेच राहत होता.

पत्ता वांद्रे पश्चिमेचा, स्टेशनजवळच्या वीणा-बीना शॉपिंग सेंटरमधला. मजकूर मुख्यतः इंग्रजीत, काही हिंदीत. रस्त्यावरच्या मोजक्या स्टॉलवर अंक खाकी कागदात गुंडाळून मिळे. त्या काळी लोकल विरारपर्यंतच धावत होती. ती डहाणूपर्यंत गेली 2013 मध्ये. पालघर-बोईसरच्या माणसाला मुंबई गाठायची तर शटल किंवा ‘फ्लाइंग राणी’सारखी गाडी धरायची, आणि स्टॉलवाल्यापुढे ते नाव उच्चारायचं. मुंबईबाहेरच्या कितीतरी जणांना पोस्टच सोयीचं पडत असणार. तरी पाकीट घरात कुणी फोडलं तर, ही धाकधूक होतीच.

अंकात काय असायचं? कायद्याची माहिती, बातम्या, कथा, कविता. एचआयव्हीपासून बचाव कसा करायचा, निरोध कसा वापरायचा हे सरळ भाषेत. पुरुषापुरुषांतल्या संबंधांबद्दल एरवी कुणी चकार शब्द काढत नव्हतं, तेव्हा ही पानं अक्षरशः जीव वाचवणारी होती. आणि ‘खुश खत’ नावाचं सदर होतं: ओळख हवी असणाऱ्यांच्या छोट्या जाहिराती. वय, आवडी, चार ओळी. माझ्या मते अंकाचा खरा प्राण हेच सदर. संपादकीय वाचून माणसाचं मत बदलेल कदाचित, पण दुसऱ्या कुठल्यातरी गावातल्या अनोळखी माणसाची जाहिरात वाचून ‘आपण एकटे नाही’ हे पटतं. लेख शहरी इंग्रजीत असले तरी त्या चार ओळी समजायला मोठं इंग्रजी लागत नव्हतं.

या उद्योगातूनच 1994 मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. राव कवींबरोबर सुहैल अब्बासी आणि श्रीधर रंगायन हे त्याचे संस्थापक. सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यातल्या महापालिकेच्या जुन्या इमारतीत ट्रस्टला जागा मिळाली. तिथे लोक येऊन बसू लागले, तपासणी होऊ लागली, सल्ला मिळू लागला. छापील पानावरची ओळख आता समोरासमोर होऊ लागली होती. नियतकालिकाची तब्येत मात्र पैशांअभावी ढासळत गेली आणि 2002 मध्ये ते बंद पडलं. तोवर इंटरनेटही आलं होतं. पत्ता न देता गप्पा मारता येत असतील तर पाकिटाची धास्ती कोण घेईल?

एप्रिल 2009 मध्ये अभिनेत्री सेलिना जेटलीच्या हस्ते अंक पुन्हा निघाला, या खेपेला गुळगुळीत कागदावर. पाठोपाठ 2 जुलैला दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे खासगी संबंध 377 मधून वगळले. डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि 6 सप्टेंबर 2018 ला पुन्हा मुक्तता दिली.

एक गोष्ट मला सलते. हे सगळं काम मुंबईत झालं, पण मराठीत फार कमी. मराठीतून याच विषयावर चिकाटीने लिहिलं ते पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांनी. 2002 मध्ये त्यांनी समपथिक ट्रस्ट स्थापन केला. बोईसरच्या खोलीत राहणाऱ्या पोराचा विचार जाहीर मराठीत करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून ‘दोस्त’चे जुने अंक, विशेषतः ‘खुश खत’ची पानं, नावं झाकून मराठीत यायला हवीत. त्या जाहिराती लिहिणारे आज साठीच्या आसपास असतील. त्यांच्या तरुणपणाचा हा छापील पुरावा कागद पिवळा पडून विरण्याआधी हाती घ्यायचा, तर ते काम आताच करावं लागेल.