सुलोचना नावाच्या चौघी

मूकपटांच्या जमान्यात ‘सुलोचना’ म्हटलं की डोळ्यांपुढे यायच्या पुण्यात जन्मलेल्या, ज्यू कुटुंबातल्या रूबी मायर्स. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून त्या सिनेमात आल्या आणि १९२७ च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’त त्यांनी एकटीने आठ भूमिका रंगवल्या! १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.

मराठी घरांना मात्र सुलोचनादीदीच आपल्या वाटतात. ‘वहिनींच्या बांगड्या’तल्या सोशिक वहिनी आणि हिंदी पडद्यावरची आई, अशी सुलोचना लाटकरांची ओळख पिढ्यान् पिढ्या टिकली. अशा साध्या, घरंदाज भूमिका जिवंत करणं फार अवघड असतं. २०२३ मध्ये त्या गेल्या.

तिसऱ्या म्हणजे सुलोचना चव्हाण. डोक्यावर पदर घेऊन, पायांत चाळ न बांधता, नुसत्या आवाजाच्या ठसक्यावर त्यांनी लावणी घराघरांत नेली. ‘रंगल्या रात्री अशा’पासून तो आवाज गाजला. पद्मश्री मात्र थेट २०२२ मध्ये, वयाच्या नव्वदीजवळ. हा सन्मान कितीतरी आधी व्हायला हवा होता.

आणि या तिघींच्याही आधीची, कथेतली सुलोचना म्हणजे शेषकन्या, इंद्रजिताची पत्नी. वाल्मीकींच्या रामायणात ती नाही. नंतरच्या रामकथांनी आणि लोकपरंपरेने तिला घडवलं.