नागपूर ज्यांनी वसवलं

महालातून निघून गांधीसागरच्या काठाशी आलं की तिथं रोज संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी दिसते. हा तलाव कुणी बांधला असं विचारलं तर 'भोसल्यांनी' हे उत्तर सहज येतं. पण जुम्मा तलाव किंवा शुक्रवारी तलाव अशी जुनी नावं असलेला हा तलाव बांधला तो चांद सुलतान या गोंड राजानं. तेव्हा भोसल्यांचं राज्य नागपुरात यायचं होतं.

चूक किरकोळ वाटते, पण तिच्या मागे मोठा विसर आहे. गोंड म्हटलं की गडचिरोलीचं जंगल आणि प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीतला नाच डोळ्यांपुढे येतो. आपल्याच शहराचा पाया घालणारा, आजही आपल्या शेजारी राहणारा समाज मात्र डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून नेहमी कानावर पडणारे काही समज एकेक करून तपासून पाहू.

गैरसमज १ : नागपूर भोसल्यांनी वसवलं

वस्तुस्थिती : भोसल्यांनी नागपूर वाढवलं, सजवलं आणि मोठ्या राज्याची राजधानी केलं. शहराची स्थापना मात्र १७०२ मध्ये देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं केली. देवगड आज मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. नाग नदीकाठच्या बारा वाड्या एकत्र करून त्यानं शहराची आखणी केली. त्या गावसमूहाला राजापूर बारसा म्हणत. सीताबर्डी, सक्करदरा, फुटाळा, लेंढरा आणि हिवरी ही नावं आज आपण ऑटोवाल्याला सांगतो. ती त्याच बारा वाड्यांतली आहेत.

बख्त बुलंद औरंगजेबाच्या दरबारात गेला होता. तिथं त्यानं इस्लाम स्वीकारला आणि हे नाव मिळवलं. पुढं त्यानं मुघल मुलखावरच चाल केली, तेव्हा चिडलेल्या बादशहानं 'भाग्यवान' अर्थाचं हे नाव बदलून 'निगूनबख्त', म्हणजे कमनशिबी, केल्याचं सांगतात. लोकांनी बादशहाचं ऐकलं नाही. राजाचं पहिलंच नाव टिकलं. बाहेरून कष्टकरी आणि कारागीर आणून आपल्या राज्यात वसवणारा, धर्म न पाहता कर्तबगार माणसांना कामावर घेणारा राजा म्हणून त्याची नोंद आहे. चांद सुलताननं पुढं शहराला तट घातला. त्याच्या मृत्यूनंतर वारसाहक्काचा तंटा उभा राहिला. विधवा राणी रतनकुंवर हिनं वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं आणि १७४३ पर्यंत सत्ता भोसल्यांच्या हाती आली. गोंड राजघराणं पेन्शनर म्हणून नागपुरातच राहिलं.

इथं एक बारकावाही सांगायला हवा. 'नागपूर' हे नाव १७०२ पेक्षा बरंच जुनं आहे. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला सापडलेल्या राष्ट्रकूट ताम्रपटात, म्हणजे इ.स. ९४० मध्ये, 'नागपूर-नंदिवर्धन' असा प्रदेशाचा उल्लेख आहे. नाव त्याआधीचं असलं तरी त्या नावाचं शहर उभं केलं ते गोंडांनी.

गैरसमज २ : गोंड म्हणजे जंगलातल्या टोळ्या, राज्यकारभार त्यांच्या गावीही नव्हता

वस्तुस्थिती : मध्य भारतात गोंडांची चार मोठी राज्यं होती : गढा-मंडला, देवगड, चांदा आणि खेरला. अकबराच्या फौजेशी लढताना १५६४ मध्ये रणांगणावर प्राण देणारी राणी दुर्गावती चंदेल घराण्यातली, पण ती गढ्याच्या गोंड राजघराण्याची सून होती आणि त्याच राज्यासाठी लढली.

इतकं लांब जायचं नसेल तर सकाळच्या गाडीनं चंद्रपूरला, म्हणजे जुन्या चांद्याला, जावं. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर या चार दरवाजांचा तो भक्कम कोट गोंड राजांचा आहे. पती बीरशाहाच्या मृत्यूनंतर राज्य सांभाळणाऱ्या राणी हिराईनं त्याची देखणी समाधी बांधली. तीही तिथं उभी आहे. कोट, दरवाजे, तलाव आणि समाध्या बांधायला महसूल लागतो, गवंडी लागतात आणि त्यांच्यावर देखरेख करणारा कारभार लागतो. जटपुरा गेटखालून जाताना क्षणभर थांबून वर पाहिलं तरी या गैरसमजाचं उत्तर मिळतं.

इंग्रजांविरुद्धही हा समाज उठला होता. चांदा भागात १८५८ मध्ये बंड उभारणाऱ्या बाबूराव शेडमाके यांना त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली.

गैरसमज ३ : प्राचीन खंडाच्या 'गोंडवाना' या नावावरून इथल्या लोकांना गोंड म्हणू लागले

वस्तुस्थिती : नेमकं उलटं घडलं. मुघलकाळातल्या फारसी ग्रंथांत गोंडांच्या मुलखाला गोंडवाना म्हटलेलं आहे. १८७० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मेडलिकॉट यांनी मध्य भारतातल्या कोळसा असलेल्या खडकांच्या मालिकेला तेच नाव दिलं. त्यानंतर १८८५ मध्ये ऑस्ट्रियाचे एडुआर्ड सुएस यांनी दक्षिणेकडच्या लुप्त महाखंडाला 'गोंडवानालँड' म्हटलं. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका एकेकाळी जोडलेले होते, याचा एक मोठा पुरावा ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या जीवाश्मांतून मिळाला. ती पानं नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांतही सापडतात. जगातल्या प्रत्येक भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात हे नाव आहे आणि ते आपल्या शेजाऱ्यांचं आहे.

नागपूरच्या परिसरातले हे जीवाश्म गोळा करणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी आघाडीवर होते. हिस्लॉप कॉलेजला त्यांचंच नाव आहे. खडकांत रमणारा हा माणूस गोंडांच्या गाण्यांतही तितकाच रमला होता. पुढच्या गैरसमजाचं उत्तर त्यांच्याच कागदपत्रांत सापडतं.

गैरसमज ४ : गोंडी ही हिंदी-मराठीची मोडकी बोली आहे, तिला ना लिपी ना साहित्य

वस्तुस्थिती : गोंडी स्वतंत्र द्रविड भाषा आहे आणि तेलुगूच्या जवळची आहे. आकडे मोजून पाहा. गोंडीत एक ते सात असे मोजतात : उंदी, रंड, मूंद, नालूंग, सैयूंग, सारूंग, येरूंग. तेलुगूत दोन म्हणजे रेंडु, तीन म्हणजे मूडु, चार म्हणजे नालुगु. मराठीशी किंवा हिंदीशी याचं काही नातं लागतं का, ते आपलं आपणच ठरवावं.

साहित्याचं म्हणाल, तर गोंडांचा आद्य गुरू मानलेल्या पारी कुपार लिंगोची कथा पिढ्यान्‌पिढ्या परधान गात आले आहेत. परधान म्हणजे गोंडांचे गायक, वंशावळ आणि दैवतकथा मुखोद्गत ठेवणारे. हिस्लॉप यांनी ही लिंगोगाथा गायकाच्या तोंडून ऐकून उतरवून घेतली. १८६३ मध्ये नागपूरजवळ टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. नागपूरच्या परिसरात गायलं गेलेलं एक महाकाव्य दीडशे वर्षांपूर्वीच छापून झालं आहे आणि नागपूरकरांनाच त्याची फारशी खबर नाही.

लिपीही आहे, तीसुद्धा एक नाही. बालाघाटकडचे मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये एक लिपी तयार केली. दुसरी लिपी जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांत २००६ च्या सुमारास अभ्यासकांना आढळली. युनिकोडमध्ये पहिलीचा समावेश २०१७ मध्ये झाला, दुसरीचा २०१८ मध्ये. तरीही २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३० लाख लोकांची मातृभाषा असलेली गोंडी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. तिच्या निम्मेच भाषक असलेली बोडो २००३ मध्ये त्या यादीत आली.

या भाषेसाठी आयुष्य वेचलेला एक माणूस नागपुरातच होता. रामटेक तालुक्यात जन्मलेले मोतीरावण कंगाली रिझर्व्ह बँकेत नोकरी करायचे आणि नोकरी सांभाळून गोंडी भाषा, लिपी आणि कोया पुनेम या जीवनदर्शनावर लिहायचे. सिंधू लिपी गोंडीतून वाचण्याचा त्यांचा प्रयत्न तज्ज्ञांनी स्वीकारलेला नाही. पण आपल्या भाषेकडे अभिमानानं पाहायला त्यांनी कितीतरी तरुणांना शिकवलं. २०१५ मध्ये ते गेले.

गैरसमज ५ : गोंडी बोलत नाही आणि शर्ट-पँट घालतो, तो कसला गोंड?

वस्तुस्थिती : भाषा हरवली म्हणून ओळख संपत नाही. देशात गोंडांची संख्या एक कोटीहून अधिक आहे आणि त्यातल्या बहुसंख्यांच्या घरी आता मराठी, हिंदी किंवा छत्तीसगढी बोलली जाते. ओळख टिकली आहे ती सगा-व्यवस्थेत. मघाचे आकडे इथं पुन्हा कामाला येतात. चार देवांचे ते नालवेन सगा, पाचांचे सैवेन, सहांचे सारवेन आणि सातांचे येरवेन. एका सगाच्या मुलामुलीचं लग्न आपसात होत नाही, कारण ते भाऊबहीण मानले जातात. सोयरीक जुळवताना नागपुरातल्या फ्लॅटमध्येही पहिला प्रश्न येतो, 'किती देवांचे?' वरवर तो धर्माचा प्रश्न वाटतो, पण त्यातून समोरच्याशी असलेलं नातं विचारलेलं असतं.

आडनावांतही हा वारसा जपलेला आहे. टेकामचं नातं सागाशी, मरकामचं आंब्याशी, इरपाचीचं मोहाशी. आपल्या कुळाच्या झाडाला इजा करायची नाही, ही रीत. पर्सापेन या थोरल्या देवाचं ठाणं साजाच्या झाडात मानतात. साजा म्हणजे आपला ऐन. माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेशी जत्रा भरते. गुहेत कोंडलेल्या मुलांची, माय जंगो रायताडची आणि त्यांना वाट दाखवणाऱ्या लिंगोची आठवण काढायला अनेक राज्यांतून लोक येतात आणि 'जय सेवा' म्हणत एकमेकांना भेटतात. त्यांत शेतकरी असतात तसे बँकेत आणि कचेऱ्यांत काम करणारेही असतात.

हरवलेली भाषा परत आणताही येते. न्यूझीलंडच्या माओरींनी १९८२ पासून 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेची घरटी, सुरू केली. तिथं आजीआजोबा चिमुकल्यांशी फक्त माओरीत बोलत. पाच वर्षांत, १९८७ मध्ये, माओरीला राजभाषेचा दर्जा मिळाला. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, ती याच वाटेवरची आहे.

गैरसमज ६ : आदिवासी सगळे सारखेच

वस्तुस्थिती : महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत चाळीसहून अधिक नोंदी आहेत. भाषेचा विचार केला तरी फरक किती मोठा आहे ते कळतं. मेळघाटातल्या कोरकूंची भाषा मुंडा कुळातली आहे, म्हणजे तिचं नातं झारखंडच्या संथाळीशी. गोंडी आणि यवतमाळकडची कोलामी द्रविड आहेत. सातपुड्याची भिली मराठीसारखीच इंडो-आर्यन आहे. एकाच राज्यातल्या शेजाऱ्यांमध्ये तीन भाषाकुळांचं अंतर आहे. सगळ्यांना एकच नाच आणि एकच पोशाख चढवणं म्हणजे मराठी, तमिळ आणि फिनिश माणसाला एकच समजण्यासारखं आहे.

'गोंड' हे नावसुद्धा बहुधा इतरांनी दिलेलं. ते स्वतःला कोया किंवा कोयतूर म्हणतात.

गैरसमज ७ : गोंड चित्रकला हजारो वर्षांची आहे आणि वारली म्हणजेच गोंड

वस्तुस्थिती : पांढऱ्या रेषांची वारली चित्रं पालघर-डहाणूकडची आहेत. ठिपक्यांनी आणि रेघांनी भरलेले रंगीत प्राणी असलेलं जे चित्र आज 'गोंड पेंटिंग' म्हणून विकलं जातं, त्याची मुळं 'दिग्ना' या भिंतीवरच्या जुन्या नक्षीत आहेत. पण कागदावरचं आणि कॅनव्हासवरचं आजचं रूप जेमतेम चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं आहे. मंडला भागातल्या पाटणगढचे जनगढसिंग श्याम यांना जे. स्वामिनाथन यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी भोपाळच्या भारत भवनात आणलं आणि तिथून ही शैली जगभर गेली. जनगढ परधान होते. त्यांचे पूर्वज बाना वाजवून जे गायचे, ते त्यांनी रंगांत मांडलं. परंपरा थिजून राहत नाही, प्रतिभेचा हात लागला की ती नवी होते. म्हणून तिला उगाच हजारो वर्षांची म्हणणं म्हणजे एका कलावंताचं श्रेय पुसणं आहे.

गैरसमज ८ : ओळख म्हणजे जातीचा दाखला, बाकी सगळं राजकारण

वस्तुस्थिती : सांस्कृतिक ओळख आणि अनुसूचित जमातीचा दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली समाज जगतो. दुसरी संविधानाच्या अनुच्छेद ३४२ खालच्या यादीनं ठरते आणि ती यादी बदलायचा अधिकार फक्त संसदेला आहे. यादीतल्या एका शब्दाला किती किंमत असते, हे नागपूरला चांगलं माहीत आहे. 'गोंड गोवारी' या नोंदीखाली आपल्याला हक्क मिळावेत म्हणून २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हजारो गोवारी हिवाळी अधिवेशनावर मोर्चा घेऊन आले. त्या दिवशीच्या चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. त्यांत कितीतरी बाया आणि लेकरं होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०१८ मध्ये गोवारींच्या बाजूनं निकाल दिला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. गोवारी आणि गोंड गोवारी वेगळे आहेत आणि यादीत बदल करणं न्यायालयाचं काम नाही, असं न्यायालयानं म्हटलं.

कायद्याची बाजू कुणालाही पटो वा न पटो, झिरो माइलजवळच्या त्या ११४ जणांच्या स्मारकासमोर उभं राहून 'हे सगळं सवलतींसाठी' असं म्हणणं मनाला पटत नाही. आपण कोण आहोत हे कागदावर मान्य व्हावं, एवढंच मागायला ती माणसं आली होती.

दर वर्षी ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन साजरा होतो आणि भाषणं होतात. पण खरी ओळख पटायला दिनविशेष लागत नाही. गांधीसागरला फिरायला जाताना लेकराचं बोट धरावं, तलाव दाखवून चांद सुलतानचं नाव सांगावं आणि चालता चालता पावलं मोजायला शिकवावं : उंदी, रंड, मूंद. हे आकडे या मातीत मराठीच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या मोजले गेले आहेत. लेकराला ते परके वाटणार नाहीत. आपल्याला परके वाटले, तर ते आपल्याच विसरण्यामुळे.