शस्त्रक्रिया मुंबईत, काळजी गावाजवळ

बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांच्यावर मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात लिंगबदलाची पहिली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा राज्यभर चर्चा झाली. असे उपचार सरकारी रुग्णालयातही होतात, हे अनेकांना तेव्हाच कळले. मात्र एका शस्त्रक्रियेने ते संपत नाहीत. ते टप्प्याटप्प्याने चालतात.

बुलढाणा जिल्ह्यातील ट्रान्सजेंडर व्यक्तीची अडचण इथेच आहे. मलकापूरहून रेल्वेने मुंबई गाठता येते. पण तपासणीसाठी पुन्हा पुन्हा जायचे तर प्रवासखर्च आणि मजुरी बुडणे आलेच. मग काही जण डॉक्टरांना न विचारता हार्मोन सुरू करतात. शरीर स्त्रीसारखे दिसावे म्हणून गर्भनिरोधक गोळ्या भरमसाट घेतल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होऊ शकते. एक पाय अचानक सुजला किंवा दम लागला, तर लगेच रुग्णालयात जावे आणि चालू औषधे लपवू नयेत.

रक्तदाब, हिमोग्लोबिन, यकृताच्या तपासण्या, समुपदेशन, जखमेची देखभाल हे सारे जिल्हा रुग्णालयातही होऊ शकते. शस्त्रक्रिया व हार्मोन उपचारांच्या आधी आणि नंतर समुपदेशन देण्याची जबाबदारी २०१९ च्या कायद्याने सरकारवर टाकली आहे. शस्त्रक्रिया प्रत्येकाला हवी असतेच असे नाही. विश्वासाने तपासून घेण्याची जागा मात्र सर्वांना हवी असते. ओपीडीत त्या व्यक्तीने सांगितलेल्या नावानेच हाक मारली, तर ती पुढच्या तपासणीला येण्याची शक्यता वाढते.