‘फक्त एक भिंत’ म्हणत सुरू झालेलं काम: वाढीव कामाचे पैसे कसे मिळवायचे?



रंगकाम, फर्निचर, वायरिंग, पडदे यातला कुठलाही छोटा धंदा करणार असाल, तर एक वाक्य तुम्हाला रोज ऐकायला मिळणार: “दादा, आलाच आहात तर एवढंही करून टाका ना.” आजचा विषय हाच.

कफ परेडच्या मच्छीमार नगरातलं घर डोळ्यासमोर आणा. खोली १० बाय १२, समोर समुद्र, हवा खारी. मावशी म्हणतात, फक्त रंग मारायचाय. भिंत खरवडली की पोपडे निघतात, आत ओल दिसते. ओल बाहेरून येते, म्हणजे आधी बाहेरची गळती बंद करणं आलं. ओल्या भिंतीवर पुट्टी भरली तर ती टिकत नाही. भिंत नवी झाली की जुनी वायर लोंबकळताना दिसते. मग गंजलेली ग्रिल. मग पडदे.

यात ग्राहकाची लबाडी नसते. फ्रेंच लेखक दिदरो याने १७६९ मध्ये यावरच निबंध लिहिला. नवा झगा आला आणि त्याच्यापुढे घरातलं सगळं सामान जुनाट वाटायला लागलं. एकेक वस्तू बदलत गेली. १९८८ मध्ये ग्रँट मॅकक्रॅकन या अभ्यासकाने याला ‘दिदरो इफेक्ट’ नाव दिलं.

आता हिशोब बघा. आकडे उदाहरणापुरते आहेत. भिंती आणि छत मिळून ४८० चौरस फूट, दर २० रुपये, म्हणजे ९,६०० रुपये. तुमचा खर्च ७,५००, नफा २,१००. आता ‘एवढंही करा’ म्हणून एक कारागीर दोन दिवस जास्त लागला, त्याचे १,८०० आणि सामान १,५००. एकूण ३,३००. हे मागितले नाहीत, तर नफा गेलाच, वर १,२०० रुपये खिशातून! काम मोठं झालं, धंदा तोट्यात.

मग करायचं काय?

१. काय करणार आणि काय नाही, दोन्ही लिहा. “गळती, वायरिंग, ग्रिल यात धरलेलं नाही” ही एक ओळ पुढची भांडणं वाचवते.

२. आधी खरवडून बघा, मग भाव सांगा. ओल असेल तर पहिल्याच दिवशी दाखवा, फोटो काढा.

३. वाढीव कामाची वेगळी चिठ्ठी. “मावशी, करून देतो. याचे बाराशे वेगळे होतील आणि एक दिवस वाढेल. लिहून घेऊ?” हो म्हणाल्या तरच हात लावायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ओके’ आला तरी चालेल.

४. पैसे टप्प्याने घ्या. पहिला टप्पा पूर्ण, त्याचे पैसे जमा, मग पुढचा.

५. गिऱ्हाईकाचं कॅलेंडर ओळखा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ज्या घराची कमाई बोटीवर आहे, तिथे या दिवसांत काम वाढवलं तर पैसे अडकणारच. शिवाय पावसात भिंत सुकत नाही. अशा वेळी स्वतःहून सांगा, “आता गळतीचं बघू, रंग पाऊस गेल्यावर.” आज बिल लहान होईल, पण पुढचं काम तुम्हालाच मिळेल.

नाही म्हणायला शिकू नका, ‘हो, पण वेगळे पैसे’ म्हणायला शिका. गोड बोला, पण लिहून घ्या. आजच वहीत वाढीव कामाच्या चिठ्ठीचा नमुना बनवा आणि पुढच्या कामापासून वापरा.