पिल्लू घरात घाण करतंय? त्याच्या पायाखाली काय आहे ते बघा

इंदापूरकडच्या एखाद्या वस्तीवरून पिल्लू आणायचं, बारामतीच्या फ्लॅटमध्ये ठेवायचं आणि पंधरा दिवसांत ‘फार घाण करतंय’ म्हणून सोडून द्यायचं. हे टळावं म्हणून आजचा भाग.

साधारण ८-९ आठवड्यांपर्यंत पिल्लाला शी-शूची जागा पायाच्या स्पर्शावरून पक्की होते. वस्तीवरच्या पिल्लाला माती माहीत. फरशीवर ते गोंधळतं, आणि पायाला मऊ लागलं ते पायपुसणं, की झालं काम! म्हणून बाल्कनीत पसरट ट्रेमध्ये माती टाका. कुत्री फिरत नाहीत अशा जागेची. लसी पूर्ण होईपर्यंत पार्व्होच्या भीतीनं रस्त्यावर न्यायचं नसतंच.

वेळेचा ढोबळ हिशेब: वयाचे महिने अधिक एक, तितके तास. दोन महिन्यांचं असेल तर जास्तीत जास्त तीन. शिवाय झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच ट्रेवर.

लॅब्राडोर खाऊसाठी काहीही शिकतो. पॉमेरेनियनचं मूत्राशय लहान, फेऱ्या जास्त. आपला कारवानी, म्हणजे २००५ मध्ये टपाल तिकिटावर आलेल्या मुधोळच्या घराण्यातला, तो मात्र हळवा. त्याच्यावर ओरडलात तर ‘इथं करू नये’ हे तो शिकत नाही, ‘माणसासमोर करू नये’ हे शिकतो. मग तुम्ही ट्रेपाशी उभे असलात की धरून ठेवणार आणि सोफ्यामागं जाऊन करणार. नाक घासायची ती जुनी पद्धत तर कुठल्याच पिल्लावर नको.

आणि फिनेलनं वास आपल्यापुरता जातो, त्याच्या नाकाला येतच राहतो. पेट शॉपमध्ये एन्झाइम क्लीनर मिळतो, तो आणा.