गट्टूखालची काळी

वऱ्हाडात घर पाहायला आलेला पाहुणा पूर्वी भिंतीकडे नि आढ्याकडे पाहत असे. हल्ली तो आधी पायाखाली पाहतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत घरापुढच्या अंगणाचे रूपच पालटले. सडा-सारवण गेले, मागोमाग शहाबादी फरशी आली, तिच्यामागून सिमेंटचा कोबा आला आणि आता जिकडेतिकडे गट्टू. कंत्राटदाराच्या बिलात त्याला पेव्हर ब्लॉक म्हणतात. आपल्या तोंडी मात्र गट्टूच. लाल, करडे, पिवळे, कुठे डमरूच्या आकाराचे, कुठे नागमोडी, एकमेकांत दात रोवून बसलेले. दिवाळीच्या आधी टाकले की घर कसे उजळून निघते! मग एक पावसाळा जातो, दुसरा जातो, आणि एके सकाळी दूधवाल्यासाठी फाटक उघडायला गेलेल्या गृहस्थाच्या लक्षात येते की फाटक हलतच नाही. गट्टू दोन बोटे वर आले आहेत.

अशा वेळी आपण ठेकेदाराला शिव्या देतो, गट्टूच्या कारखान्याला देतो, एखादा वास्तुशास्त्रवाल्यालाही बोलावतो. खाली काय आहे हे पाहायला मात्र कोणी जात नाही.

आपल्या पूर्वजांना ते ठाऊक होते. त्यांनी गावाची जमीन दोन शब्दांत वाटून टाकली होती, काळी आणि पांढरी. काळी पेरायची, पांढरीवर राहायचे. गावठाणाला आजही 'पांढरी' म्हणतात ते उगीच नाही. धाब्याची घरे, मातीच्या भिंती, ओसरी, अंगण हे सारे त्या पांढरीवर उभे असे आणि शेणाने सारवलेले अंगण वर्षभरात जरा खाली-वर झालेच तर पुढच्या सारवणात ते कुणाच्या लक्षातही येत नसे. मग शहरे वाढली. कपाशीच्या वावरात ले-आउट पडले. अमरावतीच्या पूर्वेला वडाळी आणि छत्री तलावाच्या बाजूला निदान मुरूम नि दगड लवकर लागतो. पश्चिमेला भातकुलीकडे निघालात, किंवा अकोल्याहून पूर्णेच्या खोऱ्यात उतरलात, की काळीच काळी. आम्ही माणसे काळीवर राहायला गेलो आणि काळी मात्र आपला स्वभाव सोडायला तयार नाही.

हा स्वभाव आहे तरी काय? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले, त्यांचा काळा बसाल्ट झाला, तो झिजून ही माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे एक खनिज असते. नाव फ्रान्समधल्या एका गावावरून पडले, पण वऱ्हाडात ते अगदी घरचे आहे. पत्त्यांचा जोड असावा तशी त्याची पाने एकावर एक रचलेली असतात. पाणी मिळाले की ते पानापानांमधे शिरते आणि जोड फुगतो. ऊन तापले की पाणी निघून जाते आणि जोड आक्रसतो. मेमध्ये पारा ४५-४६ अंशांवर गेला की वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यांत पडते, पावसाने त्या मिटतात. शेतकऱ्याला हे वरदान, कारण जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. पण नांगरणाऱ्या जमिनीवर ज्याने बैठक मांडली त्याचे काय होणार?

ही परीक्षा घरीही करता येते. अभियंते प्रयोगशाळेत करतात ती अशी: वाळवून चाळलेल्या मातीचे दहा-दहा ग्रॅम दोन मोजनळ्यांत घालायचे, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. चोवीस तासांनी पाहायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीच्या दीडपटीहून अधिक उंच दिसली की सावध व्हावे. ज्यांना प्लॉट घ्यायचा आहे त्यांनी पत्रिका पाहण्याइतका वेळ याला जरूर द्यावा.

बँकेत असताना गृहकर्जाच्या स्थळपाहणीला मी किती घरे पाहिली याची गणती नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली भेग मला कागदपत्रांपेक्षा लवकर दिसू लागली होती. पण घरासाठी निदान शास्त्र तयार आहे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी कंदासारखे फुगीर असलेले खांब रूढ केले. ते सुमारे साडेतीन मीटर खोल, म्हणजे जिथे ऋतूंचा ओलावा-कोरडेपणा फारसा पोचत नाही तिथे, पाय रोवतात. मुंबईच्या आय.आय.टी.तले प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिले की काळीवर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर दाबून बसवला तर तो तिचे उसळणे रोखतो. कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्यावर ही युक्ती वापरली गेली. घराला आपण हे सारे करतो, अंगणाला काही नाही. अंगण हे नेहमी शेवटचे काम, उरल्यासुरल्या पैशातले.

अकोल्याला माझे एक जुने सहकारी राहतात. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी हौसेने पुढचे-मागचे अंगण गट्टूने मढवले. ठेकेदाराने वरची माती खरवडली, सहा इंच वाळू पसरली, गट्टू मांडले आणि हिशेब घेऊन गेला. दोन वर्षांनी खिडकीजवळ टेकाड आणि कडुनिंबाजवळ खळगा अशी स्थिती झाली. वहिनी पहाटे फुले तोडायला गेल्या, उठलेल्या गट्टूला ठेच लागली आणि मनगट मोडले. साठीपुढच्या माणसाचे हाड म्हणजे काय प्रकरण असते हे घरोघरी माहीत आहे. तीन महिने त्या माउलीला पोळी लाटता आली नाही. गट्टू ही दिखाऊ बाब आहे असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दुरुस्तीला जो मिस्त्री आला तो दर्यापूरकडचा. आमचे मित्र गट्टूच्या दर्जावर तावातावाने बोलत होते. मिस्त्री उकिडवा बसून खालची माती बोटांनी चुरडत होता. म्हणाला, "काकाजी, गट्टूले काऊन बोलता? त्यायचा काय दोष जी? खाली कायी हाय. पाणी पेते, फुगते. उन्हायात वायते, बसते. थे काई तुमचं-माह्यं आयकत नाई."

मग त्याने खिडकीकडे बोट दाखवले. तिथे कूलर! वऱ्हाडात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही. आणि कूलर म्हटला की त्याची टाकी भरून वाहणार. सगळे गाव कोरडे ठणठणीत असताना त्या खिडकीखालची काळी मार्च ते जून रोज पाणी पीत होती. दुसऱ्या टोकाला निंबाची मुळे होते नव्हते ते पाणी शोषून घेत होती. म्हणजे एकाच अंगणात एका कोपऱ्यात श्रावण आणि दुसऱ्यात वैशाख. सगळे अंगण सारखे वर आले असते तर बिघडले नसते. बिघडते ते या असमानतेने. आणि ती सहा इंच वाळू? वाळूतून पाणी सरसर खाली उतरते, काळीवर येऊन थबकते आणि तिथेच मुरते. ठेकेदाराने नकळत अंगणाखाली एक टाकेच बांधून दिले होते.

माझा एक पुतण्या अमेरिकेत मिनियापोलिसला असतो. तिकडे गेलो असता त्याच्याही घरामागच्या विटांच्या ओट्याची तीच दशा पाहिली होती. काळी माती नाही, कूलर नाही. तिथे बर्फ! हिवाळ्यात जमीन वरून खाली गोठत जाते. पाणी गोठताना नऊ टक्के वाढते हे आपण शाळेत शिकलो, पण खरी करामत निराळी. गोठलेला थर खालच्या ओल्या मातीतून आणखी पाणी वर ओढून घेतो आणि जमिनीत बर्फाच्या चकत्या तयार होतात. त्या जमीन उचलतात. वसंतात वितळल्या की खाली चिखल, आणि वर डळमळीत विटा. त्या गावी बांधकामाचा पाया साडेतीन फूट खाली न्यावा लागतो. पुतण्याच्या माणसाने फूटभराहून अधिक खणून खडी भरली, दाबली, वर जेमतेम इंचभर वाळू घातली, विटा मांडल्या आणि कडेला पट्टी ठोकली. खडीत पाणी थांबत नाही, आणि जे थांबत नाही ते गोठत नाही.

गंमत अशी की तिकडचे अंगण जानेवारीत उठते, आपले जुलै-ऑगस्टात. तिकडे बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि ते मीठ सिमेंट खाते. आपल्या खारपाणपट्ट्यात, अकोट-तेल्हारा-दर्यापूरकडे, मीठ जमिनीतूनच वर येते आणि विटेला लोणा लागतो. मात्र इलाज आंधळेपणाने उचलू नये. खडीतून पाणी जाऊ देणे तिकडे गुण. इकडे ते खालच्या काळीला पाजणे होईल. आपल्याला पाणी वरच्या वर वाहून गेलेले हवे.

म्हणून अकोल्याच्या अंगणात मिस्त्रीने काय केले ते सांगतो. आधी कूलरचे वाहते पाणी नळीने झाडाकडे वळवले. गट्टू एकेक करून काढले, झाडून रचले. दोन फूट काळी उचलून फेकली. काही ठिकाणी ती मऊ लागली तिथे तळाच्या मातीत चुना कालवला. चुन्याने काळीचा फुगण्याचा जोर मोडतो, ही जुनी आणि खरी गोष्ट आहे. मग मुरूम. एकदम नाही, सहा-सहा इंचांचा थर, पाणी शिंपडून, रोलर फिरवून. मुरूम साधा वाटतो, पण चिकटतो आणि फुगत नाही, म्हणजे कट्टी सरांना हवा तोच गुण. त्यावर इंचभर वाळू, बस. घराकडून फाटकाकडे चार फुटांना एक इंच उतार, दोरी लावून. चारी कडांना काँक्रीटची पट्टी, कारण कड सुटली की गट्टूंची ओळ रांगेतल्या माणसांसारखी पांगते. शेवटी सांध्यांत बारीक वाळू झाडून वरून यंत्राने ठोकणी. हे सगळे दिवाळीनंतर केले. त्याचे म्हणणे, मेमध्ये काळी पार आक्रसलेली असते आणि भाद्रपदात पार फुगलेली; दोन्हींच्या मधली वेळ धरावी.

साडेतीन मीटरपर्यंत हलणारी जमीन दोन फुटांच्या मुरमाने कायमची गप्प बसेल असे नव्हे. पण म्हणूनच इथे कोब्यापेक्षा गट्टू बरा, असे माझे मत झाले आहे. कोबा फुटला की फोडावाच लागतो. गट्टू काढा, खाली नीट करा, तेच परत मांडा. डच लोक हे पिढ्यान्पिढ्या करत आले. त्यांची गौडासारखी गावे मऊ जमिनीत हळूहळू खचतात, तेव्हा ते रस्त्याच्या विटा उचलतात, भर घालतात आणि पुन्हा रचतात. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांना विटा पुरेनात, म्हणून सिमेंटचे ठोकळे आले. आपल्या फाटकात अडणारा गट्टू तो याच घराण्यातला.

विकत घेताना रंग पाहू नये, जाडी पाहावी. भारतीय मानकाप्रमाणे नुसत्या पायी चालण्यासाठी ५० मिलिमीटर चालतो. मोटार उभी राहणार असेल तर ६० हवा. आणि झाडाच्या बुंध्याला गट्टूचा फास लावू नये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. आमच्या मित्राच्या निंबाभोवती आता तेवढी माती उघडी आहे.

तिथून निघालेले गट्टू नि आणखी वीसेक असे त्यांनी घरामागे रचून ठेवले आहेत. दहा वर्षांनी नवा आणला तर रंग जुळत नाही, उन्हाने विटलेला जुनाच लागतो. "भाऊजी, यांना हात लावू देऊ नका कोणाला," असे वहिनींनी मला बजावले. पलीकडच्या गृहस्थांनी कुंडीखाली ठेवायला चार मागितले, तर त्यांनी चक्क नाही म्हणून सांगितले.